पिळाच्या मुठींचा संच

एका शनिवारी सकाळी, छावणी लोकांसाठी उघडायला तासभर बाकी असताना, एका पाटावर तीन वस्तू मांडल्या होत्या: सुरी, काटा आणि चमचा. तिन्ही काळ्याभोर, तिन्हींच्या मुठी दोरासारख्या पिळलेल्या, तिन्हींच्या टोकाला अडकवायला छोटी कडी. सामान तपासणाऱ्या गृहस्थांनी काटा उचलला आणि काही न बोलता बाजूला ठेवला. मग चमचा. सुरी मात्र त्यांनी दोनदा उलटसुलट करून पाहिली, मुठीच्या पिळावरून अंगठा फिरवला आणि तीही त्याच ढिगात टाकली. "तंबूच्या आत ठेवा. लोकांसमोर नको."

ज्याच्या या वस्तू होत्या त्याने त्यांचे ९५ पौंड मोजले होते. सोमवारी तो लोहाराच्या दारात उभा.

प्रसंग इंग्लंडमधला आहे. तिथे १६४२ ते १६५१ या काळातलं राजा आणि पार्लमेंट यांच्यातलं यादवी युद्ध मैदानावर पुन्हा उभं करणारे हजारो हौशी लोक आहेत. 'सील्ड नॉट' ही त्यातली सर्वांत नावाजलेली संस्था ब्रिगेडियर पीटर यंग यांनी १९६८ साली सुरू केली. पुढे इतरही गट निघाले. या छंदाला रीएनॅक्टमेंट म्हणतात. आपल्या गोष्टीतला गट कोणता, याने काही बिघडत नाही. एवढं लक्षात घ्यायचं की प्रेक्षक लढाई लांबून, दोरीपलीकडून पाहतो, पण जेवणाच्या वेळी तो थेट चुलीपाशी येतो. बंदुकीचा घोडा चुकीचा असला तर शंभरात दोघांना कळतं, हातातला चमचा मात्र लहान मूलसुद्धा हातभर अंतरावरून निरखतं आणि विचारतं, "तेव्हा असाच होता का?" म्हणून अशा गटांत भांड्याकुंड्यांची तपासणी कधी कधी शस्त्रांपेक्षा कडक असते.

गिऱ्हाईक १६४३ सालचा पार्लमेंटच्या बाजूचा साधा मस्केटधारी, म्हणजे त्या काळची लांब नळीची बंदूक वापरणारा, शिपाई उभा करत होता. लोहार माझ्या ओळखीचा. मी स्वतः ऐरणीपाशी फारसा टिकत नाही. जुन्या वस्तू पाहणं आणि त्यांच्याबद्दल वाचणं एवढाच माझा उद्योग. दोघांनाही भांडायचं नव्हतं, पण चूक कोणाची हे ठरवायचं होतं, म्हणून मला बोलावलं.

मागणीचा कागद मी आधी पाहिला. त्यावर एकच ओळ: "सतराव्या शतकातल्या पद्धतीचा, हाताने घडवलेला खाण्याचा संच." साल नाही, माणसाची ऐपत नाही, गाव नाही. लोहाराने काय केलं असेल? ८ मिलिमीटरची चौकोनी माइल्ड स्टीलची, म्हणजे आजच्या साध्या, कमी कार्बनच्या पोलादाची, सळई घेतली, तापवली, मधला भाग पिळला, एका टोकाला कडी वळवली, दुसऱ्या टोकाचं पातं, दोन दाते किंवा खोलगट वाटी केली आणि गरम असतानाच जवसाच्या तेलात काळी केली. काम सुबक होतं. पिळाचे वेढे तिन्ही मुठींवर अगदी सारखे होते, आणि हे सोपं नाही.

पण असा संच सतराव्या शतकात कुठल्याच टेबलावर नव्हता. आजच्या जत्रांतून तो इतका दिसतो की तो जुनाच असणार असं डोळ्यांना वाटू लागतं. लोहाराला आवडणारी वस्तू आहे ती: सळई एकच, हत्यारं मोजकी, पीळ दिला की साध्या लोखंडाला लगेच रूप येतं, आणि पाहणाऱ्याला "हाताने केलंय" हे लांबूनच कळतं. त्या काळातही पिळलेलं लोखंड होतं, पण चुलीपाशी. भाजायच्या सळया, हांडे टांगायचे आकडे, तिवया, मांस उचलायचे लांब आकडे. तो लोहाराचा प्रांत. जेवायला बसल्यावर हातात येणाऱ्या वस्तूंचा प्रांत निराळा होता.

हा प्रांत नेमका कसा वाटलेला होता, ते पाहिल्याशिवाय या प्रकरणाचा निवाडा होत नाही. लंडनमध्ये सुऱ्या करणाऱ्या कारागिरांच्या संघाला पाचव्या हेन्रीने १४१६ साली सनद दिली होती. शेफील्डच्या परिसरातल्या सुरीवाल्यांचा संघ १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने उभा राहिला. पातं घडवणारा, त्याला मूठ बसवणारा, म्यान शिवणारा, हे पुष्कळदा वेगवेगळे लोक. प्यूटरचं, म्हणजे मुख्यतः कथलाच्या मिश्रधातूचं काम करणाऱ्यांचा संघ वेगळा; त्यांना चौथ्या एडवर्डची सनद. पितळ ओतणारे वेगळे, लाकूड कातणारे वेगळे. सोनारानंच कान टोचावेत ही आपल्याकडची म्हण तिथे जवळपास कायदा होती. एका साध्या माणसाच्या जेवणाच्या वस्तू चार धंद्यांमधून यायच्या, आणि आमच्या गिऱ्हाइकाने त्या एकाच ऐरणीवर मागितल्या होत्या.

काट्याचा निकाल झटकन लागला. टॉमस कोर्यट या इंग्रज प्रवाशाने १६०८ साली युरोपात भटकंती केली आणि १६११ साली छापलेल्या वर्णनात इटलीतले लोक मांस कापताना काटा वापरतात याचं मोठं नवल केलं. घरी परतल्यावर तोही काटा वापरू लागला, तेव्हा त्याच्या एका मित्राने त्याला 'फुर्सिफर' अशी लॅटिन कोटी करून चिडवलं. शब्दशः काटा वाहणारा, आणि रूढ अर्थाने फासावर जाण्याच्या लायकीचा बदमाश. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १६३२-३३ च्या शिक्क्याचा चांदीचा काटा आहे. इंग्लंडमध्ये घडलेल्या आणि टिकून राहिलेल्या जेवणाच्या काट्यांत तो अगदी सुरुवातीचा, आणि त्यावर उमराव घराण्यांची चिन्हं कोरलेली आहेत. श्रीमंतांकडे पाकातली चिकट फळं उचलायला छोटे काटे असत. स्वयंपाकघरात मांस दाबून धरायला मोठे असत. पण १६४३ सालचा शिपाई बाहेर चिखलात बसून काट्याने जेवतोय, हे चित्र जमत नाही. गिऱ्हाइकाने १७७० च्या आसपासचा माणूस उभा केला असता तर दोन दात्यांचा लोखंडी काटा चालला असता, पण त्यालाही हाडाची किंवा लाकडाची मूठ लागली असती.

गिऱ्हाइकाने काट्यावर वाद घातला नाही. चमच्यावर घातला, आणि त्याचा मुद्दा हसण्यावारी न्यावा असा नव्हता. तो म्हणाला, "लोखंड गंजून जातं. पितळ आणि कथील टिकतं. संग्रहालयात लोखंडी चमचे नाहीत म्हणून ते नव्हतेच, हे कशावरून?"

या प्रश्नावर आम्ही दोन संध्याकाळ घालवल्या. उरलेल्या वस्तूंवरून गेलेल्या काळाचा अंदाज बांधताना हा खड्डा खरोखर असतो. १५४५ साली बुडालेलं आणि १९८२ साली समुद्रातून वर काढलेलं 'मेरी रोझ' हे जहाज घ्या. त्यात खलाशांच्या सुऱ्यांच्या लाकडी मुठी मिळाल्या, पाती मात्र बहुतेक गंजून नाहीशी झालेली. १६२८ साली बुडालेलं आणि १९६१ साली वर आणलेलं स्वीडनचं 'वासा' पाहा: लाकूड जवळपास अखंड, आणि ते जोडणारे हजारो लोखंडी बोल्ट गंजून गेलेले. म्हणजे गिऱ्हाईक म्हणतो तसं होऊ शकतं.

पण सुरीचं पातं गेलं तरी मूठ राहिली, म्हणून सुरी होती हे आपल्याला कळलं. आणि सगळीकडची जमीन समुद्रासारखी नसते. लंडनला टेम्सच्या काठचा दलदलीचा गाळ हवा आत जाऊ देत नाही, त्यामुळे तिथे लोखंडही टिकतं. त्या गाळातून शेकड्यांनी लोखंडी पाती निघाली आहेत. त्याच शहरात चमचे निघतात ते प्यूटरचे आणि लॅटनचे, म्हणजे त्या काळच्या पितळेचे, पुष्कळदा वर कल्हई केलेले. सुऱ्यांचं लोखंड राहिलं आणि चमच्यांचं तेवढं गेलं, असं एकाच गाळात कसं होईल? दुसरा पुरावा कागदाचा. माणूस मेला की त्याच्या मालमत्तेची यादी व्हायची. त्या याद्यांत लोखंड दिसतं ते चुलीच्या सामानात, आणि जेवणाच्या वस्तूंत प्यूटर, पितळ, लाकूड. कथलाचा लेप दिलेला लोखंडी चमचा कुठेच नव्हता असं मी म्हणणार नाही, क्वचित होता. पण क्वचित असलेली वस्तू साध्या शिपायाच्या हातात द्यायची तर त्याला काही कारण लागतं, आणि आपल्याला ती आवडली हे कारण पुरत नाही.

त्यात आकारही चुकला होता. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधल्या चमच्याची वाटी अंजिराच्या आकाराची असे: देठाकडे निमुळती, पुढे रुंद. आजच्या चमच्याच्या बरोबर उलट. लांबट वाटी आणि चपटा, टोकाला तीन पाकळ्यांसारखा फाकलेला देठ ही फॅशन साधारण १६६० नंतरची. आमच्या लोहाराने वाटी गोल केली होती, कारण गोल खोबणीत ठोकायला तीच सोपी. गोल वाटीच्या या एका चुकीसाठी मी त्याला दोष देतो. चित्र शोधायला त्याला दहा मिनिटं लागली असती.

आता सुरी. इथे तपासणाऱ्या गृहस्थांचं अर्धं म्हणणं मला पटलं, अर्धं नाही.

पटलेलं अर्धं मुठीचं. आपली सुरी आपल्या कमरेला, हा त्या काळचा नियम. यजमान सुरी देत नसे. शिपायाच्या झोळीत भाकरी आणि चीज. ते कापायचं, मांसाचा तुकडा सामाईक भांड्यातून टोकाने उचलायचा आणि बाकी बोटांनी खायचं. म्हणून सुरीला टोक असायचं. पुढे काटा रुळला तेव्हा टोकाचं काम काट्याकडे गेलं आणि सुरी बोथट झाली. फ्रान्समध्ये तर चौदाव्या लुईने १६६९ साली टोकदार सुऱ्यांवर बंदीच घातली. १६४३ ची इंग्लिश सुरी म्हणजे अरुंद, लांबट, सरळ पातं, पात्याच्या बुडाशी लोखंडाची छोटी जाड गाठ, आणि तिथून निघालेली बारीक शेपटी हाडाच्या किंवा लाकडाच्या मुठीत रुतवलेली. आमच्या सुरीत यातलं काहीच नव्हतं. पिळलेली लोखंडी मूठ हातात गार लागते, ओल्या हातातून घसरते, चीज कापायला जोर लावला की तळव्याला रुतते. रोज वापरणारा माणूस असली मूठ करवून घेणार नाही. हे समजायला संग्रहालयही नको.

न पटलेलं अर्धं असं. गृहस्थ म्हणाले, लोखंडही जुन्या पद्धतीचंच हवं, माइल्ड स्टील चालणार नाही. ही अट कागदावर भारदस्त दिसते. जुनं घडीव लोखंड म्हणजे आत मळीचे तंतू असलेलं, लाकडासारखं रेषारेषांचं. हेन्री बेसेमर या इंग्रज संशोधकाने १८५६ साली स्वस्त पोलादाची पद्धत काढली आणि त्या लोखंडाचे दिवस भरत आले. इंग्लंडमधला ते करणारा शेवटचा मोठा कारखाना, बोल्टनचा, १९७३ साली बंद पडला. आता ते मिळतं जुने कठडे आणि जहाजांच्या नांगरांच्या साखळ्या मोडून. कठड्याची जाळी घडवायची असेल, तर त्याच्या मागे लागण्यात अर्थ आहे. पण घासून चकचकीत केलेल्या सुरीत ते कोणाला दिसणार? आम्लात बुडवल्याशिवाय रेषा उठत नाहीत. आणि त्या काळीही धारेला लोखंड नव्हे, पोलादच लागायचं.

खरी चूक जिथे होती तिथे कोणाचंच बोट गेलं नव्हतं: सुरी काळी होती आणि पात्यावर हातोड्याचे ठसे होते. आजच्या गिऱ्हाइकाला ठसे म्हणजे हस्तकलेचा दाखला वाटतो. १६४३ च्या कारागिराला ती लाज वाटली असती. शेफील्डच्या नद्यांवर पाणचक्क्यांच्या जोरावर फिरणारी दगडी चाकं होती ती याच कामासाठी, भट्टीचा काळा पापुद्रा आणि घणाचा प्रत्येक ठसा घासून काढायला. विकायला ठेवलेली सुरी लखलखीत असायची. गंमत म्हणजे तपासणाऱ्या गृहस्थांच्या कमरेला जी सुरी होती, ती काळी आणि ठशांचीच होती. मी तेव्हा बोललो नाही. अजूनही बोललेलो नाही.

तोडगा निघाला तो असा. लोहाराने तिन्ही वस्तू परत घेतल्या आणि सुरी नव्याने करून द्यायचं कबूल केलं. वरचे पैसे गिऱ्हाइकाने प्यूटरच्या चमच्यासाठी ओतकाम करणाऱ्या दुसऱ्या कारागिराला दिले. म्हणजे लोहाराच्या तीन वस्तूंच्या कामातली एकच उरली. त्याला ते लागलं, पण त्याने मान्य केलं.

सुरीचं काम मी जवळून पाहिलं. साधारण ०.७५ टक्के कार्बनचं पोलाद, आणि पट्टी मुद्दाम जाड घेतली, कारण मधली गाठ पट्टीतूनच काढायची होती. गाठीच्या दोन्ही बाजूंना खांदे पाडले, एका बाजूला पातं ओढलं, दुसऱ्या बाजूला शेपटी. गाठ वेगळी करून डाखाने जोडणं सोपं होतं. त्याने ते केलं नाही. पहिल्या खेपेला खांद्यापाशी बारीक चीर गेली, कारण लोखंड जरा थंड झाल्यावरही तो ठोकत राहिला होता. तो तुकडा फेकला. दुसरा नीट उतरला. पातं १५० मिलिमीटर, बुडाशी रुंदी १८, पाठीला जेमतेम अडीच.

मग पाणी देणं, म्हणजे पातं तापवून एकदम गार करून कडक करणं. पाणी म्हणायचं, पण असल्या पातळ पोलादाला तेलच बरं. चुंबक चिकटेनासं होईपर्यंत, म्हणजे ७७० अंशांच्या थोडं पलीकडे तापवलं आणि टोक खाली धरून सरळ तेलात सोडलं. बाहेर आलं तेव्हा पातं तीनेक मिलिमीटर वाकलं होतं. लांब आणि बारीक पात्याचं हे नेहमीचं दुखणं. मग २०० अंशांवर पुन्हा तापवून कडकपणा थोडा उतरवताना, गरम असतानाच, लाकडी ठोकळ्यांत दाबून त्याने ते सरळ केलं. पात्यावर फिक्या गवताचा रंग चढला की थांबला. त्यानंतर दीड दिवस फक्त घासणं. मला सगळ्यात आवडला तो शेवटचा भाग: मुठीसाठी बॉक्सवुड या टणक लाकडाचा तुकडा आधी भोक पाडून घेतला, शेपटी लालभडक केली आणि लाकडात दाबली. चर्र आवाज, धूर, जळक्या लाकडाचा वास, आणि शेपटीने आपल्या मापाची जागा स्वतः जाळून केली. मग ती काढून भोकात राळ भरली आणि पुन्हा बसवली.

पात्यावर कोणता शिक्का मारायचा यावर थोडी चर्चा झाली. गिऱ्हाइकाला लंडनच्या सुरीवाल्यांचं कट्यारीचं चिन्ह हवं होतं, त्या काळचं दिसतं म्हणून. लोहाराने साफ नाही म्हटलं आणि स्वतःचंच चिन्ह मारलं. त्या काळचा प्रत्येक सुरीवाला तेच करायचा. शिवाय आज नक्कल म्हणून विकलेली वस्तू तीस वर्षांनी, गंज चढल्यावर, कोणीतरी अस्सल म्हणून विकायला काढतो. जुन्या वस्तूंच्या बाजारात हे होतं.

चमचा लॅटनचा करायचा की प्यूटरचा, हे पैशावर ठरलं. प्यूटर स्वस्त पडला. अंजिरी वाटी, सहा बाजूंचा देठ, शेंडा तिरका कापलेला. जुन्या प्यूटरमध्ये बऱ्याचदा शिसं असायचं. आताचं कथील, अँटिमनी आणि तांब्याचं असतं, आणि तोंडात घालायच्या वस्तूसाठी त्याच्याशिवाय दुसरं घेऊ नये. रंगात फरक पडतो तो इतका थोडा की चुलीच्या उजेडात कळत नाही.

एक कायद्याची गोष्ट राहिली, कारण गिऱ्हाईक पहिल्यांदा सुरी कमरेला लावूनच आगगाडीने जाणार होता. इंग्लंडमध्ये १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस अॅक्टप्रमाणे सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय धारदार सुरी बाळगता येत नाही. सूट आहे ती ३ इंचांपर्यंतच्या पात्याच्या, मिटणाऱ्या छोट्या चाकूला. १५० मिलिमीटरचं टोकदार, न मिटणारं पातं त्यात मुळीच बसत नाही. छावणीला चाललोय हे कारण सांगता येईल, पण ते फलाटावर पोलिसाला समजावत बसण्यापेक्षा सुरी कापडात गुंडाळून सामानाच्या तळाशी ठेवलेली बरी. म्यान कमरेला लावायचं ते छावणीत पोहोचल्यावर.

पुढच्या छावणीत सुरी पास झाली. तपासणाऱ्या गृहस्थांनी धार पाहिली, मुठीच्या गाठीवर नख फिरवलं आणि परत दिली. चमच्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत, म्हणजे तोही पास.

संध्याकाळी गिऱ्हाइकाने चमचा हांड्याच्या काठावर टेकवून ठेवला आणि लाकडं आणायला गेला. रस्सा उकळत होता, त्याचं चमच्याला काही वाटलं नसतं. प्यूटर २३० अंशांच्या आसपास वितळू लागतं. पण देठ काठाबाहेर निखाऱ्यांवर लोंबत होता. तो परत आला तेव्हा वाटी शाबूत होती, देठ अर्धा झाला होता आणि टोकाला थेंब लटकत होता. आता तो छावणीतल्या एका सुताराने कोरून दिलेल्या लाकडी चमच्याने जेवतो. वितळलेला चमचा त्याने लोहाराला दिला आणि लोहाराने तो भट्टीमागच्या भिंतीवर, पिळाच्या मुठीच्या त्या काट्याशेजारी टांगला आहे.